ऑपरेशनआधीचं केळवण

६ जाने. ८८, बुध.

डॉक्टर हो म्हणाले. म्हणजे अर्धं हो. "आधी आठ किलो उतरवा, मग टेबलावर घेतो. आत इतकी चरबी आहे की माझा हात जाणार नाही." १ फेब्रु.ला पुन्हा काट्यावर उभं राहायचं.

पोट आतून शिवून छोटी पिशवी करणार. केवढी, म्हणून विचारलं, तर टेबलावरचा कप उचलून दाखवला. सबंध कप नाही, त्याचा तळ. आयुष्यभर तेवढंच.

डॉ. मूळचे इथलेच, आता अमेरिकेत असतात. थंडीत येतात, मार्चच्या मध्याला परत. इथे दुसरं कोणी करत नाही म्हणे हे. आता नाही तर पुढच्या थंडीत. पुढची थंडी मला आहे का, ते बोलले नाहीत, फाईल मिटली नुसती. साखर, बी.पी., झोपेत श्वास अडकतो तो. आई चव्वेचाळीसला गेली, अशीच, माझ्याच अंगाची. मला आता एक्केचाळीस.

येताना मी एका रिक्षात, हे मागच्या रिक्षात. दोघं एकत्र मावत नाही आता. लग्नात ह्यांच्या शेजारी बसून आले होते, व्हिक्टोरियातून.

सकाळी निघताना तावडेकाकींनी दारात दही-साखर दिली हातावर. शेजारी राहायला आल्यापासून एकदाही चुकलेली नाही. माझ्या मिनूच्या चाचणी परीक्षेलासुद्धा देतात.

८ जाने., शुक्र.

आज हॉस्पि.मध्ये आहाराच्या बाईंकडे. बाई काडीपैलवान. "ऑपरेशन झालंच आहे असं समजून आजपासून जेवा, म्हणजे नंतर जड जाणार नाही." छोटी वाटी, छोटा चमचा. घास पातळ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. गोड नाही, तळलेलं नाही. पोट भरलं की चमचा खाली.

पोट भरलं हे कसं कळतं, असं मी विचारलं. बाईंना वाटलं चेष्टा करतेय. खरंच विचारलं होतं.

दु. काकींना सगळं सांगितलं. एक वाजता आम्ही दोघी जेवतो, त्यांचं ताट त्या घेऊन येतात, माझं मी वाढून घेते, रेडिओ लावतो. काका गेल्यापासून असंच. दोन्ही मुलगे दिंडोशीला, सणाला तोंड दाखवतात. काकींचा घास हातातच राहिला.

"पोट शिवतले? पोट काय गोणी आसा शिवूक?"

घास ताटात परत ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातचा वडा पण नाय?" मी म्हटलं, नाही. सोलकढी चालेल, दोन घोट.

दोघी हसलो. हसू बरोबर आलं नाही.

११ जाने., सोम.

काकी मनावर घेऊन बसल्या. "लग्नाआधी पोरीक केळवण करतत. तू पण आता दुसऱ्या घरात जातलंस. तुझा केळवण मी करतलंय."

मी म्हटलं, अहो काकी, आठ किलो उतरवायचेत. तर म्हणतात, "एका जेवणान काय होता? उद्यापासून उतरव."

एका जेवणाने काय होतं. मलाही पटलं. खोटं कशाला लिहू, पटवून घ्यायला मी टपलेलीच होते.

१३ जाने., बुध.

झालं केळवण. पाट, ताटाभोवती रांगोळी. ओवाळायला मिनूला पुढे केलं, काका गेल्यापासून काकी स्वतः ओवाळत नाहीत. कोंबडी-वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खापरोळ्या नारळाच्या गोड रसातल्या. पाटावर बसायला जमेना, मग ताट टेबलावर आणि रांगोळीपण टेबलावर! मिनू हसून हसून मेली.

वडे किती खाल्ले ते लिहीत नाही. खापरोळी शेवटची म्हणून हळू खाल्ली, डोळे मिटून. डोळे उघडले तर काकी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांचं ताट तसंच.

ब्लाउजपीस दिला वर. म्हणाल्या, बारीक झाल्यावर शीव. मी साऱ्या बिल्डिंगचे ब्लाउज शिवते, माझं स्वतःचं माप कधी घेतलं आठवत नाही.

१७ जाने., रवि.

वाट लागली. बातमी मजले चढली.

शहाबेन तळमजल्यावरून वर आल्या, "तावडेकाकी के यहाँ खाया, हमारे यहाँ क्यों नहीं?" उंधियू. मग दुसऱ्या मजल्यावरच्या कांबळेबाई, मटण. त्यांना नाही कुठल्या तोंडाने म्हणू? "शहाबेनकडे चाललं आणि आमच्याकडे नको?" असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मी मनात ऐकलं आणि निमूट जाऊन बसले. त्यात संक्रांतीचं हळदीकुंकू, जिथे जाईन तिथे तिळगूळ. गोड बोलायला माझं काय जातं, पण...

हे म्हणाले, "सुमन, पुरे आता." मी म्हटलं, शेवटचं खातेय, खाऊ दे की. ह्यांचं नेहमीचं, एकदा बोलायचं आणि मग गप्प. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२२ जाने., शुक्र.

सकाळी छोटी वाटी, छोटा चमचा. पेज. चावण्यासारखं त्यात काय असतं डोंबल, तरी चावली. मिनूने समोर बसून सोबत केली. "आई, तू गाईसारखी दिसतेस." आगाऊ कार्टी.

दु. काकींनी बांगड्याचं तिखलं आणलं. "ह्या काय केळवण नाय, ह्या साधा जेवण." साधं! भाताचा ढीग संपला तेव्हा कळलं.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर पुरणपोळी.

२७ जाने., बुध.

भीती वाटते. कंबरेची नाडी सांगतेय. दोरी खोटं बोलत नाही.

आजपासून कडक. खरंच कडक.

मिनूने विचारलं, ऑपरेशन झाल्यावर आपण हॉटेलात कधीच जायचं नाही का? मी म्हटलं, जाऊ, तू खा, मी बघेन. ती म्हणाली, "मग मजा काय?" आम्ही चौघं, म्हणजे काकी धरून, एकत्र करतो ते जेवणच. फिरायला मी जाऊ शकत नाही, सिनेमाच्या खुर्चीत मावत नाही. राहिलं काय, जेवण.

१ फेब्रु., सोम.

निघताना काकींनी दही-साखर दिली, तीही चमचाभर जास्त.

काट्यावर एकशे अठराची एकशे एकवीस.

डॉ. ओरडले नाहीत. चष्मा काढून पुसला. "बाई, तुम्हाला हे करायचं आहे का नक्की?" मी म्हटलं हो. "मग महिनाभर काय करत होतात?" काय सांगू? केळवणं जेवत होते? सांगितलं. खरंच सांगितलं. त्यांना आधी समजेना, मग हसायला आलं, मग हसू आवरलं. म्हणाले, अमेरिकेत असं कुणी केलं नसतं. ह्यांनी मान खाली घातली.

ऑपरेशनची तारीख दिली नाही. "बावीसला या. एकशे बारा दिसलं तरी त्याच आठवड्यात करतो. नाही तर पुढच्या वर्षी भेटू." फक्त पातळ घ्यायचं तोवर. ताक, वरणाचं पाणी, सूप.

बाहेर बाकावर बसले आणि रडले. ह्यांनी रुमाल दिला. इतकी वर्षं ज्याला त्याला हो म्हणत आले. नाही म्हणायचं ते कधी शिकलेच नाही, आणि आता शिकायला हा एवढासा वेळ.

२ फेब्रु., मंगळ.

नको ते बोलले.

काकी एकला आल्या, ताट झाकून. जिन्यात कांबळेबाई, शहाबेन, पाणी भरायला उभ्या. मी दारातच अडवलं. "केळवण नव्हतं हो ते काकी. माझं तेरावं घातलंत तुम्ही, मी जिवंत असताना."

काकींनी ताट तसंच धरलेलं. मग पदर सारखा केला आणि आपल्या घरात गेल्या. दार लावलं नाही, लोटलं नुसतं.

मी का असं... वडा त्यांनी माझ्या तोंडात कोंबला नव्हता. हात माझाच होता.

५ फेब्रु., शुक्र.

ताक. वरणाचं पाणी. ताक. डोकं ठणकतंय. शहाबेनच्या ब्लाउजची बाही उलटी जोडली, उसवत बसले.

एक वाजला की रेडिओ लावते. लावून बंद करते.

९ फेब्रु., मंगळ.

आज लक्षात आलं. भिंतीपलीकडून खोबरं खवल्याचा आवाज नाही. सकाळी दहाच्या सुमाराला रोज असायचा, मला त्यावरून वेळ कळायची. कधीपासून बंद आहे? आठवून बघितलं. त्या दिवसापासूनच असणार.

मिनूला पाठवलं, काहीतरी निमित्त काढून. येऊन म्हणाली, "काकी चहा-पाव खातायत. सकाळचाच पाव, कडक झालेला. मला म्हणाल्या, एकटीसाठी कोण चूल पेटवतला."

मी वजन उतरवतेय आणि पलीकडे त्या.

१२ फेब्रु., शुक्र.

गेले. मधल्या चार पावलांना एवढे दिवस लागले.

काकी खिडकीशी. मी म्हटलं, काकी, चुकलं माझं. म्हणाल्या, "तुझा काय चुकला? माकाच समाजला नाय." मग रडल्याच. मी पहिल्यांदा बघितलं, काका गेले तेव्हाही चारचौघांत रडल्या नव्हत्या.

"तू वाटीभर जेवतलंस, मगे एक वाजता मी कोणाकडे ताट घेवन येव? म्हटला, जाता जाता पोटभर घालूया. तुका भरवत होतंय म्हणान माझ्या घशाखाली उतरत होता गो."

मला वाटत होतं, जेवण माझं सुटणार. ते त्यांचंही सुटणार होतं आणि मला, डॉ.ना, त्या काडीपैलवान बाईंना, कुणालाच सुचलं नव्हतं. ऑपरेशननंतर काय खायचं ते सगळं सांगितलं बाईंनी. एक वाजता समोर कोण बसणार, ते नाही.

त्यांना म्हटलं, उद्या एकला या. ताट घेऊन या. माझ्यासमोर जेवा.

"तुझ्यासमोर? आणि तू?"

मी ताक पिते.

१३ फेब्रु., शनि.

आल्या. ताटात भात आणि कसलीशी आमटी, कशीबशी केलेली. रेडिओ लावला. पहिला घास घेऊन सवयीने माझ्या ताटाकडे हात वळला त्यांचा, वाढायला. मध्येच थांबला. मी ताकाचा ग्लास उचलला.

वास आला आमटीचा. कोकमाचा. तोंडाला इतकं पाणी सुटलं की लाज वाटली. उठून आत जावंसं वाटलं, बसून राहिले. त्या जेवल्या. पूर्ण नाही, पण जेवल्या.

मजा नव्हती. आधीसारखं काहीच नव्हतं. हेच असणार आता, ऑपरेशन झालं तर. जमेल का मला? त्यांना तरी?

१८ फेब्रु., गुरु.

शहाबेनच्या नणंदेचं डोहाळजेवण. खाली बोलावलं. गेले, ओटी भरली, गजरा माळला. ताट आलं तेव्हा म्हटलं, नको. "अरे थोडा तो लो." नको. शहाबेनचं तोंड उतरलं. माझं वाईट वाटणं आत ठेवून तिसऱ्यांदा नको म्हटलं आणि वर आले. जिन्यात दोनदा बसले.

काकी दारात होत्या. "खाल्लंस?" नाही. सकाळी खोबरं खवल्याचा आवाज आला होता, थोडाच.

कंबरेची नाडी दोन बोटं आत आलीय. पुरेल का, कळत नाही. हे म्हणाले, "पुरेल गं."

२२ फेब्रु., सोम. हॉस्पि., बाकावर

लवकर आलो. हे पाणी आणायला गेलेत. पर्समधून वही काढलीय, हात रिकामे ठेवले की कँटीनच्या वड्याचा वास जास्त येतो.

सकाळी निघताना दारात काकी. नेहमीच्या जागी, नेहमीसारख्या. सवयीने मी हात पुढे केला, उजवा, पसरून. त्यांच्या हातात वाटी नव्हती.

"आज काय देवक नाय माका," म्हणाल्या. माझ्या तळहातावर स्वतःचा हात ठेवला, थोडा वेळ, दाबून. खोबरं खवून खवून खरखरीत झालेला. "जा."

मी जिना उतरले. पहिल्या वळणावर नेहमीसारखा तळहात तोंडाशी नेला आणि चाटला. काहीच नव्हतं त्यावर. वर बघितलं तर काकी कठड्यावरून वाकून बघत होत्या. हसत होत्या की काय, डोळ्याला पदर होता.

एक वाजता परत आले तर त्या ताट घेऊन येणार आहेत, वजन उतरो न उतरो. सांगून ठेवलंय.

आत कुणाचं तरी नाव पुकारलं. माझं नाही. काटा इथून दिसतोय, दार उघडलं की. आता माझ्या पुढे एकच बाई...