फोटोखालची जागा

सोमवार
आले एकदाची! संपादकांच्या मागे किती भुणभुण लावली, तेव्हा कुठे त्यांनी या प्रशिक्षणाला पाठवलं. एप, म्हणजे बिनशेपटीची मोठी वानरं, वाचवण्याच्या कामाच्या बातम्या कशा करायच्या, ते शिकायचंय. खोली टेकडीच्या पायथ्याशी. पलंग कुरकुरतो, पण खिडकीच्या गजांतून थेट जंगल दिसतं. शिकवणाऱ्या बाई कडक. एपला शेपूट नसते, जो त्याला माकड म्हणेल तो सगळ्यांची भांडी घासेल, म्हणाल्या. पहिली पाळी अर्थातच माझी! घरी सांगितलं तर माझी लेक गोटी हसून हसून लोळली. बापाचा जुना फोन तिच्याच ताब्यात असतो.

मंगळवार
सक्त ताकीद मिळाली. फोनच्या फोटोत तो कुठे काढला त्या जागेची खूण राहते, ती पुसल्याशिवाय कुणालाही पाठवायचा नाही. शिकारी आपल्या बातम्या टपून बघतात. त्यांना विकायला पिल्लू हवं असतं, आणि आई जिवंत असेतो पिल्लू सोडत नाही. पत्रकाराच्या हाती फोन म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, बाई म्हणाल्या. माकड म्हणालात, आता भांडी तुमची, असं मी म्हटल्यावर त्याही हसल्या.

बुधवार
दिसली! एप आई झाडाच्या बेचक्यात बसून पिल्लाचे केस बाजूला करत किडे वेचत होती, मी गोटीच्या उवा काढते तश्शी. फोटो असा आला की बस्स. सगळ्यांच्या आधी आपला, या हावेपायी तिथूनच संपादकांना धाडला. त्यांनी लगेच वेबसाइटवर टाकला. गोटीलाही पाठवला, आणि गोटीचा वाढदिवसाचा फोटो त्याच आनंदात नेटवर टाकला. खूण पुसायची राहिली, हे जेवताना आठवलं. तशीच ताटावरून उठले. बातमीतला फोटो काढायला लावला. बाईंना सांगायचं धाडस झालं नाही.

शनिवार
आईला मारलं. पिल्लू नेलं. तिचे हात छातीशी तसेच वळलेले होते, मधे काही नाही. मी रडत सगळं कबूल केलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुपारी पुरायला गेलो तर झाडाखाली नुसता डाग. ओढत नेल्याची खूणही नाही.

रविवार
गोटीचा फोन. नवी मावशी येते म्हणे, खिडकीतून. बोलत नाही, केस बाजूला करून उवा काढते. हात काळे, लांब. नवरा म्हणतो, पोरीच्या कल्पना. खिडक्या लाव म्हटलं तर हसला.
वाढदिवसाचा फोटो — आमच्या घराची खूण त्यातही होती —

सोमवार
रस्ता खचलाय, गाडी मिळत नाही. नवऱ्याचा फोन आला. गोटी घरात नाही. खिडकी उघडी. तो ढसाढसा रडतोय. मी विनवतेय — देवा, मला ने, माझ्या पोरीला नको —

मंगळवार
मला भ्रम झालाय म्हणून बाईंनी दार बाहेरून लावलंय. गोटीजवळच्या त्या जुन्या फोनवरून फोटो आलाय, कुणी बघतच नाही. तिचे केस — केसांत काळी बोटं — आणि खाली जागेची खूण. आमचीच टेकडी. तेच झाड.
हाक येतेय. उंचावरून. गोटीला उंचीची भीती वाटते —
गज हलत नाहीत. घट्ट धर गं सोने, आले मी —
आई जिवंत असेतो पिल्लू सोडत नाही. आणि मेल्यावर —