घोड्याचा उजवा पंख

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

तुला पत्र लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, याची खात्री करून न घेताच लिहिते आहे. या आगाऊपणाबद्दल आरंभीच क्षमा मागते. इकडे मी व बाबा खुशाल आहोत. वाचनालयातली माझी नोकरी कायम झाली. दिवसभर कुणाशी न बोलताही ती उत्तम करता येते.

पत्रास कारण आपला बोटभर उंचीचा, प्लास्टिकचा पंखवाला घोडा. तू गेल्यापासून तो डब्यातच होता. धड एकीकडे, दोन्ही पंख कागदात. गेल्या महिन्यात बाहेर काढला. रंगाखालचे अस्तर तुझे आणि वरचा रंग माझा, अशी आपली वाटणी. त्यामुळे इतकी वर्षे रंगवूनही अस्तरातले मला ओ की ठो कळत नाही, हे तेव्हा ध्यानात आले. पांढऱ्यावर प्रत्येक रंग खुलतो, हे शाळेतले सूत्र प्रमाण मानून धडाला पांढरे अस्तर दिले आणि वर आपला 'सरडा' रंग लावला, बघू तसा बदलणारा. हिरव्याचा जांभळा होणे दूरच. भांडी विसळलेल्या पाण्यासारखा दिसला. मग तू अस्तर दिलेल्या आपल्या जुन्या 'सरडा' रंगाच्या माशाचा एक खवला खरवडून पाहिला. खाली चकचकीत काळे होते. म्हणून डाव्या पंखावर कोपऱ्यावरच्या दुकानातला काळा फवारा मारला, तर पंखाची कडा मेणासारखी मऊ पडली. दुकानदार म्हणाला, "अहो बाई, हा लोखंडाचा रंग. तुम्हाला घोडा रंगवायचाय की फाटक?" दुकानातले सगळे हसले. मीही हसले, घरी येऊन मात्र दोन दिवस डबा उघडला नाही.

तर प्लास्टिकला न खाणारे असे कोणते अस्तर तू वापरत होतीस? ते किती वेळ वाळू द्यायचे?

एवढेच विचारून मी दोनदा सही केली आणि दोन्ही कागद फाडले.

ताई, त्या सकाळी तू भावोजींबरोबर घर सोडून कोणत्या गाडीने जाणार, हे केवळ मला ठाऊक होते. बाबांनी विचारले आणि मी वेळ सांगितली. फलाटाचा क्रमांकही सांगितला. तो तर त्यांनी विचारलाही नव्हता. पूर्ण उत्तर द्यावे, एवढेच मला येत होते. फलाटावर चारचौघांत ते तुला आणि भावोजींना काय काय बोलले, ते मला शेजारच्या काकूंकडून कळले.

चार वर्षे झाली. आपल्या रंगकामाच्या टेबलाशी अजून दोन खुर्च्या आहेत. तुझ्या खुर्चीवर मी पुस्तके ठेवते, रिकामी दिसू नये म्हणून.

आत्ताच बाबांनी दारातून विचारले, "कुणाला पत्र?"

खोटे बोलणे मला अजूनही जमत नाही. "ताईला," म्हटले.

ते म्हणाले, "पाकीट नीट चिकटव."

उजवा पंख सोबत पाठवते आहे. त्याला मी अद्याप काहीही केलेले नाही. अस्तर तू दे. द्यावेसे वाटले नाही, तर कोराच परत पाठव. पाकिटावर तुझे अक्षर असेल, तेवढेही मला पुरेल.

नको तेवढे उत्तर देणारी,
तुझी धाकटी

(पाकिटाच्या मागे)
पेटीत टाकते आहे : शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.