मुक्काम दुबई, मार्गे वरळी कोळीवाडा

७ फेब्रुवारी १९८३, सोमवार

परदेशातला पहिला दिवस. तांत्रिकदृष्ट्या वरळी कोळीवाडा. पण निरोपाचा नारळ हातात पडला की माणूस मनाने देश सोडतोच. विमान हा पुढचा तपशील.

काल सहार विमानतळावर एजंट तुळशीदास तिकीट आणि पासपोर्ट घेऊन येणार होता. आला नाही. विमान गेलं. फोनवर म्हणाला, व्हिसावर शामरावचं श्यामराव झालंय, स्पेलिंग दुरुस्त होऊन येईल, थोडं थांबा. प्रामाणिक माणूस. दुसरा असता तर चुकीच्या स्पेलिंगवर पाठवून मोकळा झाला असता.

लालबागला परत जाणं शक्यच नव्हतं. मंडळाने शाल दिली, गॉगल दिला. चाळीतल्या बायकांनी ओवाळलं. अच्युतने तर भाषण ठोकलं की गिरणगावचा झेंडा आता वाळवंटात फडकणार. (अच्युत म्हणजे मिलच्या टाइम ऑफिसातला माझा ज्युनिअर. राहायला आमच्याच मजल्यावर.) तो झेंडा संध्याकाळी बॅग घेऊन जिना चढताना दिसला असता तर मंडळाची काय इज्जत राहिली असती? मंडळासाठी म्हणून सरळ चंदूकडे आलो. शाळेतला दोस्त, स्वतःची होडी आहे. कोणाला सांगणार नाही अशी शपथ घातली.

घड्याळ दुबईच्या वेळेवर लावलं. दीड तास मागे. सवय आत्तापासूनच हवी.

९ फेब्रुवारी

परक्या मुलखात सुरुवातीचे दिवस जड जातात म्हणतात, ते खरं आहे. इथली भाषा वेगळी, बोलतात ते भांडल्यासारखं. हवा खारट. सकाळी अंथरुणातच बोंबलाचा वास. स्थानिक लोक मात्र प्रेमळ. चंदूची बायको गुणवंतीवहिनी मला ताटात दुसऱ्यांदा कालवण वाढते आणि विचारते, दुबईला असं मिळतं का रं? मी म्हटलं, अजून चौकशी केलेली नाही.

वहिनी रोज पाटी घेऊन लालबागच्या बाजारात बसते, ही एक अडचण. बजावलं की आमच्या चाळीतल्या बायकांशी बोलायचं नाही. ती म्हणाली, मग मासळी काय खुणा करून विकू?

१५ फेब्रुवारी

तुळशीदास ऑफिसात नाही. ऑफिसच्या पाटीवर आता टेलरचं नाव आहे. धंदा वाढवतोय वाटतं.

व्हिसा येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही असा निश्चय. वरळी सीफेसला एका एक्स्पोर्टवाल्याकडे इंटरव्ह्यू मिळवला. कोट चंदूच्या लग्नातला. अकराला बोलावलं होतं, मी दहा मिनिटं आधी हजर. शिपाई म्हणाला, साहेब वाट बघून जेवायला गेले. घड्याळ दुबईचं असल्याचं तेव्हा लक्षात आलं. वीस वर्षं अख्ख्या मिलच्या लेटमार्कांवर लाल शाई मारणारा मी, मला लेट ठरवणारा हा कोण? निघून आलो. अशा ठिकाणी आपली कदर होत नाही.

२४ फेब्रुवारी

काम मिळालं. सिक्युरिटी लाइन. चंदूच्या घरचे बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले असतात, त्यांच्यावर देखरेख. मुख्यतः कावळे. गॉगल लावून बसतो, त्यामुळे रुबाब पडतो आणि लालबागचं कोणी आलं तरी ओळखणार नाही. कावळे मात्र ओळखतात, जवळ येत नाहीत. ही शिस्त टाइम ऑफिसातली.

चंदू म्हणाला, घरी जा रे, तुझी बायको काय खाणार आहे का तुला? त्याला इंटरनॅशनल प्रेस्टिज कळत नाही.

४ मार्च

यशोदाची आठवण आली. किनाऱ्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे माहीम दिसतं, मायदेश दिसावा तसं. गिरण्यांच्या संपात तिने गाळ्यांवर, म्हणजे सामायिक खोल्यांत राहणाऱ्या एकट्या माणसांना जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली होती. निघताना मी तिला सांगितलं, आता बंद कर, दुबईवाल्याच्या बायकोला शोभत नाही. ती नुसती हं म्हणाली. तिच्या हं ला मी नेहमी होकार समजत आलो आहे.

डोळ्यांत पाणी आलं. वारा खारट आहे.

९ मार्च

रात्री झोप लागत नाही, त्याचं कारण सापडलं. भोंगा. संप सुरू झाला तेव्हापासून मिलचा भोंगा बंद. मला झोपेतसुद्धा कुठल्याही मिलचा भोंगा ओळखता येतो. आमच्या मिलच्या भोंग्याला शेवटी उचकी लागते, तशी अख्ख्या गिरणगावात दुसऱ्या कोणाला नाही. तो वाजायला लागला की आम्ही सगळे बोलणं थांबवायचो, आणि उचकी संपली की मी घड्याळ लावायचो. त्यापायी लग्नात सासऱ्यांशीसुद्धा बोलणी मध्येच थांबवलेली आहेत.

चंदूला हे सांगत होतो. तो मध्येच झोपला.

१८ मार्च, शुक्रवार

आखातातले लोक घरी पत्र लिहीत नाहीत, आवाज भरून कॅसेट पाठवतात. मीही पाठवणार. चाळीत राजारामकडे टेपरेकॉर्डर आहे, सगळी चाळ जमून ऐकेल. चंदूचाही टेप आहे.

प्लॅनिंग अगदी चोख. सकाळी नको, कावळे. संध्याकाळी नको, वहिनी आणि तिच्या जावांची भांडणं. दुपारी साडेतीनच्या सुमारास सगळं सामसूम असतं. समुद्राचा आवाज आला तर चालेल, दुबईलाही समुद्र आहे.

एका दमात रेकॉर्ड केली. उंच इमारती, थंडगार ऑफिस, अरब साहेब मला मिस्टर श्याम म्हणतो. शेवटी ठासून सांगितलं की मिलवाले बोलवायला आले तर कळवा, शामराव आता त्यांना परवडायचे नाहीत. पुन्हा ऐकून बघितली नाही. आपला आवाज आपण काय ऐकायचा.

ता. क. घड्याळ बिघडलं. दुपारी बघतो तर दीड तास पुढे, भारताच्या वेळेवर. आपोआप. दुरुस्तीला द्यायला हवं.

ता. क. दोन. चंदू बातमी घेऊन आला की आमची मिल थोडी माणसं घेऊन सुरू झाली. म्हणे आज दुपारी भोंगासुद्धा वाजला. मला नाही ऐकू आला. मी दुबईत होतो, रेकॉर्डिंग करत.

२० मार्च

चंदू बोटीवरचा माणूस बनून कॅसेट आणि एक फॉरेनचा साबण देऊन आला. म्हणाला, यशोदावहिनीने साबणाचा वास घेतला, मग माझा घेतला, मग चहा दिला.

मिलचा विचार मनात येतो. टाइम ऑफिसातली ती खिडकी, ती खुर्ची. गरज पडली तर मीच जाऊन बसणार तिथे, दुसरं कोण? पण आपण होऊन गेलं तर किंमत राहत नाही. बोलावू देत.

२२ मार्च

वहिनीने बाजारातून बातमी आणली. कॅसेट सगळ्या चाळीने ऐकली. मध्येच एका ठिकाणी सगळे एकदम गप्प झाले, एकमेकांकडे बघायला लागले आणि राजारामने तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा लावला. मी म्हटलं, भावना अनावर झाल्या असतील. वहिनी म्हणाली, तसंच काहीतरी.

२५ मार्च, शुक्रवार

आज वहिनी पाटी उतरवून माझ्यासमोरच बसली. म्हणाली, तुझ्या बायकोचा निरोप आहे, जसाच्या तसा सांगते. "दुबईत आपल्या गिरणीचो भोंगो ऐकाक येता काय? येताना सुके बोंबील घेवन येवा, डब्यांका लागतत."

मी चंदूचा टेप मागून घेतला. चंदूने कॅसेट देण्याआधी तिची कॉपी काढून ठेवली होती, करमणुकीसाठी. लावली. अरब साहेब मला मिस्टर श्याम म्हणतो, इथपर्यंत छान. मग लांबून भोंगा. मी बोलायचा थांबलेलो. भोंगा पूर्ण वाजतो. उचकी. मग माझा आवाज: हां, साडेतीन झाले. मग घड्याळाची चावी फिरवल्याची किरकिर. मग: तर काय सांगत होतो, इथे वाळवंट आहे.

चंदू भिंतीकडे तोंड करून हसत होता. त्याचे खांदे दिसत होते.

मला फार लाज वाटली. हे इथे लिहून ठेवतो, कारण उद्या मी ते कबूल करणार नाही.

२६ मार्च

सकाळी बोंबील घेऊन निघालो, आधी मिलवर. म्हटलं, नोकरी घेऊनच घरी जावं, म्हणजे कॅसेटचं कोणी काढणार नाही. टाइम ऑफिसर जुने ओळखीचे. त्यांनी उठून हात मिळवला, दुबईचं हवामान विचारलं. म्हणाले, पहिलं नाव तुमचंच काढलं होतं, माणूस चाळीत पाठवला होता. पण अच्युतने तुमचा निरोप शब्दशः आणून दिला, की शामराव आता परवडायचे नाहीत. मग काय करणार, अच्युतलाच घेतलं.

कॅसेट ऐकायला अच्युत पहिल्या रांगेत होता म्हणे. उचकी त्यालाही ओळखता येते. पण माझ्या शब्दाबाहेर तो कधीच गेला नाही, मीच शिकवलंय त्याला.

घरी गेलो. दारात यशोदा. सात-आठ डबे होते ते आता खोलीभर झालेत. तिने बोंबील हातात घेतले, वास घेतला, म्हणाली, "हे बरे आसत." एवढंच. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

४ एप्रिल, सोमवार

चाळीत मला आता दुबई म्हणतात. पोरंसुद्धा. दुबईकाका.

सकाळी डबे घेऊन मिलच्या गेटवर उभा राहतो. पहिल्या पाळीची माणसं आत जाताना आपापला डबा उचलतात. यशोदाने सांगितलंय, कोण उशिरा उचलतो ते बघून ठेवा. बघतो. अनुभव आहे.

आज सातचा भोंगा झाला. गेटवरचे सगळे बोलायचे थांबले, मीही. उचकी संपली. घड्याळ काढलं. टाइम ऑफिसच्या खिडकीतून अच्युतने मान बाहेर काढली आणि विचारलं, काय शामराव, दुबईत किती वाजले असतील?

दीड तास मागे. साडेपाच, मी म्हटलं. खिडकी बंद झाली.

साडेपाच म्हणजे तिथे मी अजून झोपलेला असणार, एसीत. असू दे, झोपू दे. मी दोन डबे उरले होते ते उचलले आणि घरी आलो.