शिवणाच्या खोलीतली करवत

७ मार्च, सोमवार
आली एकदाची! यांची नक्षी कापायची करवत, विजेवर चालणारी. ठेवली कुठे? माझ्या शिवणाच्या खोलीत. माझं शिलाई मशीन गेलं जिन्याखाली. विचारलं तर म्हणे, "अगं, हल्ली तू कुठे शिवतेस?" नोकरीतून निवृत्त झाले हे, आणि खोलीतून काढलं मला.

९ मार्च, बुधवार
दोन दिवस नुसता धडधडाट. पातं खालीवर होतं आणि त्याबरोबर फळी उड्या मारते. हे दोन्ही हातांनी तिला दाबून धरतात. नातीसाठी हत्ती कापायला घेतला होता. झाला भोपळा. "मशीनच सदोष आहे," असं जाहीर झालं. अर्थात! चूक यांची कशी असेल?

१० मार्च, गुरुवार
आज तीन पाती मोडली.

१४ मार्च, सोमवार
दुकानदाराने गिऱ्हाईक बरोबर ओळखलंय. आज पात्यांची पाकिटंच्या पाकिटं घरी आली. जाड दातांची, बारीक दातांची, शिवाय पिळाची — ती म्हणे फळी न फिरवता चारी दिशांना कापतात. इथे एका दिशेची मारामार! काहींच्या टोकांना पिना असतात. अडकवायला सोपी, पण बारीक भोकातून जात नाहीत. म्हणजे हत्तीचा डोळा आतून कोरायचा तर बिनपिनेचंच पातं हवं. हे सगळं ज्ञान मला जेवताना मिळालं, न मागता.
मी एवढंच म्हटलं, "माझी खोली कधी मिळणार?"

१५ मार्च, मंगळवार
हे बँकेत गेले होते. मी झाडायला म्हणून खोलीत शिरले आणि सहज पात्यावरून बोट फिरवलं. दात वरच्या बाजूला! ते खाली हवेत, म्हणजे फळी टेबलावर दाबली जाते. वर असले तर पातं तिला उचलणारच. तीस वर्षं सुया बदलल्यात मी, उलटी लागलेली सुई मला टाक्यावरून कळते. जन्मभर दुसऱ्यांच्या मशिनी तपासणाऱ्या साहेबांना आठवड्यात हे दिसलं नाही.
पातं फिरवून लावलं, ताण दिला. नखाने छेडलं तर छान टण्ण वाजलं. फळी सरकवली तर नव्या कापडातून कात्री जावी तशी गेली.
हे यायच्या आत पातं पुन्हा होतं तसं उलटं करून ठेवलं. का? सांगितलं असतं तर उद्यापासून तेच मला शिकवायला बसले असते.

१९ मार्च, शनिवार
हे फिरायला गेले की मी आत. आधी पान कापलं, मग पक्षी. आज हत्ती झाला, डोळ्यासकट. भोक पाडून पातं ओवलं. चष्म्याशिवाय! शेवटचे काही दात उलटे असलेलं पातं वापरलं, त्याने खालच्या बाजूलाही कपच्या निघत नाहीत. हत्ती कपाटात, अस्तराच्या कापडाखाली लपवलाय. कित्येक वर्षांत इतकी खूश नव्हते मी. इथे लिहायला काय हरकत आहे, कोण वाचतंय?
मग पातं नेहमीप्रमाणे उलटं. संध्याकाळी यांचा धडधडाट सुरू. मी बाहेरून विचारलंच, "झाला का हत्ती?"

२२ मार्च, मंगळवार
आज जेवताना व्याख्यान नाही. "माझ्या हातांत आता काही राहिलं नाही गं," एवढंच म्हणाले आणि ताट घेऊन उठले. मला हसू आलं नाही.
रविवारी नात येणार आहे. तेव्हा हत्ती काढते आणि पात्याचंही सांगून टाकते. थोडा भाव खाऊन.

२६ मार्च, शनिवार
बाजारातून आले तर खोली झाडून पुसून लख्ख. खिडकीपाशी माझं शिलाई मशीन, तेलपाणी करून ठेवलेलं. करवत सकाळीच दुकानदाराला परत दिली म्हणे. "घे बाई, तुझी खोली," हे म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.
मी म्हटलं, "बरं झालं."