मुलगी कुणाच्या नावावर

आई, परवा रविवारी दुपारी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर समोरासमोर लॅपटॉप उघडून कर भरायला बसलो होतो. सिंगापूरला नवरा-बायकोचं एकत्र विवरणपत्र नसतं, ज्याचं त्याने भरायचं. मुलीपोटी मिळणारी सवलत कुणी घ्यायची, एवढंच दोघांनी आपसांत ठरवायचं. तुझी सून रॅफल्स प्लेसला बँकेत आहे, पगार माझ्याहून बराच जास्त. सवलत तिने घेतली की घरचा कर कमी होतो, म्हणून दरवर्षी तीच घेते. यंदा मात्र मी म्हणालो, "या वेळी माझ्याकडे राहू दे."

"का? उगाच जास्त भरायचे?"

"तुला नोकरी करणारी आई म्हणून वेगळी सवलत मिळतेच. बापाला तसलं काही नाही."

ती हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. "हे पैशाचं नाहीये ना?"

नव्हतंच. तुआसच्या कारखान्यातून मी लवकर सुटतो. लेकीला पाळणाघरातून मी आणतो, अंघोळ घालतो, भरवतो. आणि दारात किल्ली वाजली की ती माझ्या मांडीवरून उडी मारून पळते, "मम्मा इज होम!" तिकडे दोघींचं हसणं सुरू होतं आणि मी वरणभाताचा घास हातात धरून बसलेला असतो. बायकोच्या पगारावर जळतोस, असं मित्र चिडवतात. जळतो थोडा. पण त्या पळण्यावर जळतो तितका पगारावर नाही.

आपलं नाशिकचं स्वयंपाकघर आठवतं. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, बाबा शाळेत. तुझे कराचे कागदही बाबाच भरायचे, "इथे सही कर" म्हणायचे आणि तू करायचीस. एका वर्षी तू म्हणालीस, "यंदा माझं मी भरते." बाबा ओट्याशी आमटी ढवळतायत, पाठ आपल्याकडे. "चुकलं तर मला विचारू नकोस." तू पेन खाली ठेवतेस. "राग कसला आलाय तुम्हाला, ते तरी सांगा." बाबा आमटीत मीठ टाकतात. मी तुला चिकटून बसलोय आणि मला वाटतंय, हे उगाच कुरकुरतात.

बायकोने वाद घातला नाही. "घे तुझ्याकडे," म्हणाली. "पण तिचा पहिला दात पडला तेव्हा तू होतास. मी ऑफिसात फोटो बघितला. तेव्हा मला तुझा किती राग आला होता, ते तू कधी विचारलं नाहीस."

सवलत तरीही मी माझ्या नावावर घेतली, आणि कर थोडा जास्त बसला. सोमवारी संध्याकाळी लेक नेहमीसारखीच दाराकडे पळाली.

तू कामावरून यायचीस तेव्हा मीही असाच धावायचो, बाबांनी वाढलेलं ताट तसंच टाकून. मागे वळून त्यांचा चेहरा कधी बघितला नाही. हे सगळं खरं तर त्यांना सांगायला हवं. आता तेही नाहीत, तूही नाहीस, कुणाला लिहिलं तरी कुठे पोचणार आहे? तरी मला सांगावंसं वाटतं ते तुलाच.