घाटाची हरकत

प्रिय सुमती,

रोज सकाळी मी तळ्याच्या पायरीवर धोतर आपटत असे आणि तुझे वडील वर पारावर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत असत. घरी आल्यावर ऐकलेले शब्द मी त्याच कागदावर शोधत बसे. अशी मी वाचायला शिकले. त्यांना जाऊन तिसरं वर्ष लागलं, तरी धुणं पिळताना मान अजून पाराकडे वळते.

गेल्या महिन्यात त्याच पाराला सरकारी कागद डकवला. बायकांना मीच वाचून दाखवला. तापाच्या साथीमुळे घाट बंद करायचा, धुणी खाडीवर न्यायची. कोणाची हरकत असल्यास कचेरीत समक्ष सांगावी. खाडीवर गुडघाभर चिखल, पाणी खारं. आळीतल्या पुरुषांची सभा भरली आणि त्यांनी संमती देऊन टाकली. त्यांतल्या एकानंही कधी धुणं धुतलेलं नाही.

म्हणून परवा आम्ही बायकाच कचेरीत गेलो. कारकून भला होता, त्यानं सतरंजी घालायला लावली. पण हरकत लिहायची तर आधी बाईचं नाव, मग नवऱ्याचं, आणि तेही तिच्याच तोंडून. झालं! शेवंती पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. मालननं उखाणा सुरू केला आणि मध्येच विसरली, तसे शिपाईसुद्धा हसले. सखुबाई म्हणाली, "दादा, घरी जाऊन विचारा, तुमची तरी घेते का तुमचं नाव?" कारकूनही हसला, आणि प्रत्येकीपुढे लिहीत गेला: हरकत सांगितली नाही. मी मागे बसून होते. मोकळं कपाळ घेऊन पुढे कशाला जायचं, असं वाटलं.

परतताना सखुबाई वळणावर थांबली. "वहिनी, उद्या शेवटचा दिवस. आता तुम्हालाच जमेल." आधी मला राग आला. मग कळलं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य उणं होतं, म्हणून त्या गप्प. माझ्यापाशी उणं व्हायला काय उरलंय?

कल्याणची बातमी ठाण्याला पोचायला वेळ लागत नाही. तुझ्या सासरी कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. तू मान खाली घालू नकोस. घाट राहील की नाही, मला ठाऊक नाही. काल मी कचेरीत गेले, कारकुनापुढे उभी राहिले, आणि उखाण्यावाचून पहिल्यांदाच तुझ्या वडिलांचं नाव घेतलं, त्र्यंबक सदाशिव. मग हरकत सांगितली.

तुझीच,
आई