पुठ्ठ्यावरचा पाचवा नियम

२० जानेवारी १९५७
पुन्हा तेच! एक गणित घेऊन बसले, भाकरी करपली तरी सुटलं नाही. ह्यांनी नियमांचा पुठ्ठा चुलीसमोरच टांगलाय. प्रत्येक पायरीला वरून सुरुवात करायची, पहिला लागू पडेल तो नियम लावायचा, पाटी पुसून पुढची पायरी लिहायची. मास्तरांची बायको आणि इतकी मठ्ठ! मार्चात सातवीची परीक्षा. पास झाले तर मास्तरीण. नाही तर पाटी माळ्यावर — सासूबाईंनी बजावूनच ठेवलंय.

२३ जानेवारी
कंटाळून आज सरळ गुणाकार करून टाकला. उत्तर बरोबर! तर हे म्हणाले, "गुणाकार शेवटी. नियम मोडून आलेलं उत्तर मी धरणार न्हाई." मग मला येतं की येत नाही? काही कळेनासं झालंय.

२ फेब्रुवारी
सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आमची सोनू बी ह्याच पुठ्ठ्यावर शिकल्ती. लई हळू. पेपर अर्धाच राह्यला, नापास झाली. मंग दिली कुंभार पिंपळगावला."
पोटात धस्स झालं. नणंदेनंतर आता माझा नंबर?

९ फेब्रुवारी
पाटी फुटली. म्हणून ह्यांच्या खडूनं फरशीवरच लिहीत बसले. पुसलं नाही, खाली खाली लिहीत गेले — आणि तिसरी ओळ नि पाचवी ओळ एकच! दुसरा नियम म्हणतो, कंस सोडवा, बाहेरचा आकडा आत वाटून द्या. पाचवा म्हणतो, समाईक आकडा बाहेर काढून कंस करा. कंस झाला की पुन्हा दुसरा! गुणाकाराची पाळीच येत नाही. पाटी पुसत होते म्हणून दिसलंच नाही. आधी हसू आलं. मग रडूच आलं.

१० फेब्रुवारी
ह्यांना फरशी दाखवली. किती तरी वेळ उकिडवे बसून बघत राहिले. "बराबर हाय," एवढंच म्हणाले. पाचव्या नियमावर काट मारली आणि जेवले नाहीत. चूक सापडली तर माणूस खूश होतो ना? मला ह्यांचं काही समजतच नाही.

१३ फेब्रुवारी
गणितं भराभर सुटतात! भाकऱ्याही नीट.

१७ फेब्रुवारी
सोनूवन्सं माहेरी आल्या. हातातलं गाठोडंही खाली न ठेवता पुठ्ठ्यापुढे थांबल्या. ही काट कशाची, विचारलं. मी सगळं सांगितलं. हे दारातच उभे होते.
"वैनी," त्या म्हणाल्या, "मंग मी ढ नव्हते?"